मुलीचे कुरळे केस, पावसाळा आणि घरचा लेप

पत्र: माझी मुलगी आठवीत आहे. लहानपणी तिचे केस नुसते वळणदार होते, पण गेल्या दीड-दोन वर्षांत ते चांगलेच कुरळे झाले आहेत. पाऊस सुरू झाला की केस पिंजारतात आणि शाळेसाठी दोन वेण्या घालताना रोज रडारड होते. व्हिडिओ पाहून मी अंडे, लिंबाचा रस आणि मध यांचा लेप लावला, तर केस वाळल्यावर ताठ आणि राठ झाले. मग पिकलेले केळे कुस्करून लावले. त्याचे कण दोन दिवस बटांमधून निघत होते. सासूबाई म्हणतात, भरपूर खोबरेल चोपड, घट्ट वेणी घाल, बाकीची थेरं नकोत. तिच्या डोक्यात थोडा कोंडाही दिसतो. बाजारातल्या महागड्या बाटल्या आणायच्या नाहीत असे मी ठरवले आहे. घरच्या जिन्नसांतून केसांना पोषण देणारा आणि केस थोडे सरळ करणारा लेप कोणता? तो रात्रभर ठेवला तर चालेल का?
— एक आई, वेंगुर्ले तालुका

उत्तर: तुमच्या दोन अपेक्षा आधीच बाजूला ठेवायला हव्यात, म्हणजे पुढचे काम सोपे होईल. पहिली अपेक्षा केस सरळ होण्याची. केस कुरळा होतो तो त्वचेच्या आत, त्याच्या मुळाच्या आकारामुळे. तो बाहेर येतो तेव्हाच वळण घेऊन येतो, आणि बाहेरून लावलेला कोणताही लेप ते मूळ बदलू शकत नाही. वयात येताना केसांची जात बदलणे हेही स्वाभाविक आहे. मुलीला हे स्पष्ट शब्दांत सांगा, कारण आईने दर रविवारी नवा लेप कालवायला घेतला की आपल्या केसांत काहीतरी दोष आहे, असेच त्या वयात वाटते.

दुसरी अपेक्षा पोषणाची. केसाचा जिवंत भाग मुळाशी असतो आणि त्याला पोषण रक्तातून, म्हणजे ताटातल्या जेवणातून मिळते. बाहेर दिसणारा केस हा केराटिन या प्रथिनाचा निर्जीव धागा आहे. केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतो. तुमच्या मुलीचे केस ताणून पाहिल्यास ४० सेंटिमीटर भरत असतील, तर त्यांची टोके तीन वर्षांहून जुनी आहेत. तीन पावसाळे, शेकडो वेण्या आणि तितक्याच वेळा फिरलेली फणी त्यांनी सोसलेली आहे. अशा टोकाला काही खाऊ घालता येत नाही, पण त्याची पुढची झीज कमी करता येते. लेपाकडून एवढेच मागावे.

कुरळ्या केसाची झीज अधिक का होते, तेही पाहू. टाळूतून पाझरणारे नैसर्गिक तेल सरळ केसावरून टोकापर्यंत सहज उतरते. कुरळ्या केसाच्या प्रत्येक वळणावर ते अडखळते, त्यामुळे मुळे तेलकट आणि टोके कोरडी, अशी स्थिती होते. केसाच्या पृष्ठभागावर सूक्ष्म खवले असतात आणि ते छपरावरच्या कौलांप्रमाणे एकावर एक बसलेले असतात. वळणाच्या जागी हे खवले किंचित उचललेले राहतात, शेजारच्या केसांत अडकतात आणि गुंता होतो. त्यातच पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावरची हवा ८०-९० टक्के आर्द्रतेची असते. केस हवेतले पाणी शोषून फुगतो, त्याच्या आतले नाजूक बंध सुटून नव्या जागी जुळतात, आणि सकाळी नीट बसवलेली बट शाळेच्या पटांगणापर्यंत पोहोचण्याआधीच पिंजारते.

यावर उपयोगी पडतात अशा दोनच प्रकारच्या गोष्टी स्वयंपाकघरात आणि परसात आहेत. एक, पाणी आत-बाहेर होण्याचा वेग कमी करणारे स्निग्ध पदार्थ. दुसरे, केसांवर पातळ थर देऊन त्यांना एकमेकांवरून घसरू देणारे बुळबुळीत वनस्पतिज द्रव. लेपाच्या नावाखाली जे बाकीचे काही कालवले जाते, त्यातले बरेचसे खाण्यातच शोभते.

स्निग्ध पदार्थांच्या बाबतीत तुमच्या सासूबाई निम्म्या बरोबर आहेत. मुंबईतील संशोधकांनी २००३ साली खोबरेल, सूर्यफुलाचे तेल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली होती. केस धुताना त्यांतून निघून जाणारे प्रथिन ठळकपणे कमी करणारे तेल त्यांत एकच ठरले, ते म्हणजे खोबरेल. त्यातील लॉरिक आम्लाचा रेणू लहान आणि सरळ असल्यामुळे हे तेल केसाच्या आत शिरते, तर तुलनेतली इतर दोन तेले बहुतांशी पृष्ठभागावर राहतात. केस पाण्याने फुगणे आणि वाळल्यावर आकसणे यातून होणारी हानी त्यामुळे घटते. मात्र हा उपयोग चांगला मिळावा म्हणून डोक्यावरून न्हाण्याआधी तेल लावावे. न्हाण्याआधी अर्धा ते दोन तास, कानाच्या खालच्या केसांना, दोन-तीन चमचे घाण्यावरचे खोबरेल पुरते. ते पाठीवर ओघळेपर्यंत चोपडल्याने फायदा वाढत नाही; उलट ते काढण्यासाठी दोनदा साबण लागतो आणि जे कमावले ते साबण घेऊन जातो.

सासूबाईंचा उरलेला निम्मा सल्ला, म्हणजे टाळूवर तेल थापणे आणि घट्ट वेणी, तूर्त थांबवावा. कोंड्याशी निगडित असलेले मॅलेसेझिया नावाचे यीस्ट प्रत्येकाच्या टाळूवर असते आणि ते तेलातील मेदाम्लांवरच जगते. कोंडा असलेल्या डोक्यावर तेल मुरवले की पापुद्रे ओले होऊन काही तास दिसत नाहीत, त्यामुळे तेलाने कोंडा गेला असे वाटते. तो गेलेला नसतो. कोंडा आटोक्यात येईपर्यंत तेल, नारळाचा रस किंवा दही यांपैकी काहीही टाळूला लावू नका. केस खेचून बांधलेली वेणीही कपाळाजवळच्या मुळांना ताण देते. सासूबाईंना हे सांगताना खोबरेल तुमचेच वापरते आहे, असा आरंभ केलेला बरा.

आता मुख्य लेप. तो तुमच्या परसात फुकट उभा आहे. गणपतीला वाहतो ती साधी, पाच पाकळ्यांची लाल जास्वंद घ्या, पण फुलांपेक्षा पाने घ्या, कारण त्यांतून भरपूर बुळबुळीत द्रव निघतो आणि झाडावर ती बाराही महिने असतात. फार कोवळी नाहीत आणि जून झालेलीही नाहीत, अशी दोन मुठी पाने तोडावीत. प्रत्येक पान उलटून पाहावे, कारण पानांच्या मागच्या बाजूला आणि शेंड्यांवर पांढरा, कापसासारखा पिठ्या ढेकूण बसलेला असतो. तशी पाने आणि औषध फवारलेल्या झाडाची पाने घेऊ नयेत. पाने धुऊन, देठ काढून, पेलाभर पाण्यात अर्धा तास भिजत ठेवावीत आणि मग हातानेच कुस्करावीत. मिक्सर वापरू नका: त्यात पानाचा इतका बारीक भुगा होतो की तो कापडातूनही निसटतो आणि केळ्याने जे केले तेच पुन्हा होते. पाच-सात मिनिटे कुस्करल्यावर पाणी हिरवट आणि दाट होते, आणि बोटे वर उचलली की त्यांच्यामागे तार धरते. ही तार दिसली की जुन्या, धुतलेल्या पंचातून ते गाळावे. द्रव सावकाश उतरतो, पंचा पिळत राहावे लागते. घाई आहे म्हणून गाळणे वगळू नये, कारण कुरळ्या केसांच्या लेपात चोथा राहता कामा नये हाच सर्वांत महत्त्वाचा नियम आहे.

हा द्रव धुतलेल्या, ओल्या केसांना लावायचा असतो. पाणी हलके निथळून केसांचे चार भाग करावेत, एकेक भाग तळहातांमध्ये धरून द्रव वरून खाली ओढत लावावा आणि तो केसांत असतानाच बोटांनी गुंता सोडवावा. नंतर रुंद दातांची फणी घ्यावी व टोकांपासून सुरुवात करून हळूहळू मुळांकडे यावे. पंधरा ते वीस मिनिटांनी साध्या पाण्याने भरपूर धुवावे. आठवड्यातून एकदा पुरे. द्रव शिळा ठेवू नका. त्यात टिकवणारे काहीच नसते, आणि आपल्या दमट हवेत ओट्यावर राहिलेले भांडे दुसऱ्या दिवशी वास मारू लागते.

टोके फारच रखरखीत असतील तर महिन्यातून एक-दोन वेळा, तेलाऐवजी, नारळाच्या रसाची साय लावून पाहा. नारळाची एक कवड खवून, अर्धी वाटी कोमट पाणी घालून पहिला जाड रस काढावा, तो दोनदा गाळावा आणि काही तास फ्रीजमध्ये ठेवावा. वर जमलेली दाट साय अलगद काढून घ्यावी. यातील तेल पाण्यात मिसळलेल्या रूपात असल्यामुळे ते ओलसर केसांवर सारखे पसरते. अर्ध्या तासाने नेहमीप्रमाणे शांपूने न्हावे. ही साय केसांत राहून गेली, तर पावसाळ्यात दुसऱ्याच दिवशी आंबूस वास येतो, आणि वर्गातल्या मुली त्यावर काय बोलतील हे सांगायला नको. खाली उरलेल्या पातळ रसाची सोलकढी करावी. तो डोक्याला लावण्यापेक्षा पोटात गेलेला बरा.

मेथीच्या दाण्यांतही असाच बुळबुळीत पदार्थ असतो, परंतु वाटलेली मेथी बटांत अडकते आणि तिचा वास दोन दिवस जात नाही. वापरायचीच असेल तर रात्री भिजवून, त्याच पाण्यात उकळून फक्त गाळलेले पाणी घ्या. कोरफड चालेल. पान कापल्यावर ते दहा-पंधरा मिनिटे तिरके उभे करून पिवळा, कडू चीक पूर्ण गळू द्यावा, कारण त्या चिकाने त्वचेला खाज सुटू शकते. जवस घाटावरून येते आणि आपल्याकडे ते चटणीपुरतेच असते, तरी न्हाण्यानंतर केसांत ठेवायला त्याची जेल चांगली आहे: पाव वाटी जवस दोन वाट्या पाण्यात उकळावे, अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार धरली की गरम असतानाच गाळावे. थंड झाले की ते कापडातून उतरत नाही.

तुमच्या आधीच्या प्रयोगांत काय घडले ते यावरून कळेल. अंड्यातील प्रथिनांचे रेणू केसात शिरण्याच्या मानाने फार मोठे असतात. ते वरच वाळतात, म्हणून केस ताठ झाले. शिवाय कच्चे अंडे मुलांच्या तोंडाजवळ-डोळ्यांजवळ ओघळू देणे आरोग्याच्या दृष्टीनेही योग्य नाही. लिंबाचा रस अतिशय आम्ल आहे, त्याचा सामू २ ते ३ असतो, आणि तो मानेला लागून मूल उन्हात गेले तर त्वचेवर फोड आणि काळपट डाग उठू शकतात. तो पूर्ण बंद करा. मध हवेतले पाणी ओढून घेतो, त्यामुळे नीट धुतला गेला नाही तर पावसाळ्यात केस चिकट होतात. केळ्याचा दोष एवढाच की ते कितीही कुस्करले तरी त्यात गाठी आणि धागे राहतात. कोणी खायचा सोडा सुचवला तर तोही नको, कारण तो अल्कधर्मी आहे आणि केसाचे खवले आणखी उचलतो. कोकमाच्या आगळाने केस मऊ होतात असेही कोणी सांगते. आगळात मीठ असते, आणि तुमच्या मुलीचा गणवेश पांढरा असेल तर डाग कोण काढणार, हाही प्रश्न आहेच.

लेप रात्रभर ठेवू नका. ओला लेप म्हणजे रात्रभर ओले केस, आणि केस सतत ओला राहून फुगत-आकसत गेला की तो कमकुवत होतो. शिवाय दमट टाळू म्हणजे कोंड्याला आमंत्रण. अर्ध्या तासात जे व्हायचे ते होते. कोणताही नवा पदार्थ डोक्याला लावण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडासा लावून एक-दोन दिवस पाहावे. परसातला म्हणून तो प्रत्येकाच्या त्वचेला मानवेलच असे नाही.

हा क्रम वर्षभर तोच ठेवण्याचे कारण नाही. जून ते सप्टेंबर बुळबुळीत लेप अधिक, स्निग्ध कमी. डिसेंबर-जानेवारीत हवा त्या मानाने कोरडी असते, तेव्हा टोकांना मुठेल उपयोगी पडते. रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या फळाच्या, बियांचे हे तेल घट्ट असते आणि आपल्याकडे टाचांच्या भेगांना लावतात. त्याचा सुपारीएवढा तुकडा चार चमचे खोबरेलात गरम पाण्यावर वितळवून घ्यावा आणि न्हाण्याआधी केवळ टोकांना चोळावा. एप्रिल-मेमध्ये अडचण पाण्याची असते. खाडीकाठच्या आणि समुद्राजवळच्या विहिरी त्या दिवसांत मचूळ होतात, आणि अशा पाण्याने न्हाले की मीठ केसांवर वाळून राहते. न्हाण्यासाठी तेच पाणी असले तरी शेवटचे दोन-तीन तांबे गोड्या पाण्याचे घ्यावेत. मग लेप कमी लागतो.

बाजारातले काहीच आणायचे नाही, या निश्चयाला मात्र मी थोडी मुरड घालायला सांगेन. अंगाचा साबण केसांना लावत असाल, तर तो अल्कधर्मी असतो आणि कुरळ्या केसांवर त्याचा परिणाम लगेच दिसतो. सौम्य शांपू घ्या, किंवा शिकेकाईच वापरायची असेल तर पूड थेट न लावता तिचा काढा करून गाळून घ्या. त्याचबरोबर एक साधे, स्वस्त कंडिशनर आणा. त्यातील धनभारित घटक केसाच्या झिजलेल्या भागाला धरून राहतात. जास्वंदीच्या द्रवात ती क्षमता नाही, तो धुताना बराचसा निघून जातो. ज्या आठवड्यात पाने तोडायला सवड नाही त्या आठवड्यात कंडिशनर वापरावे, त्यात कमीपणा काही नाही.

कोंडा महिन्याभरात कमी झाला नाही, टाळूला फार खाज असेल, लस येत असेल किंवा गोलाकार चकत्यांत केस जात असतील, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. मुलांमध्ये अशा चकत्या बुरशीच्या संसर्गाच्याही असतात. त्यावर पोटात घ्यायची औषधे लागतात आणि लेपांत गेलेला वेळ वाया जातो.

राहता राहिली रोजची वेणी. न्हाणे शाळेच्या दिवशी सकाळी ठेवू नका. ओल्या केसांची वेणी पावसाळ्यात संध्याकाळपर्यंत आतून ओलीच राहते. शनिवारी शाळा सकाळची असेल तर दुपारी तेल, मग न्हाणे, मग जास्वंद, आणि केस वाळायला पूर्ण संध्याकाळ मिळते. खरखरीत टॉवेलने केस घासू नका, जुन्या सुती साडीच्या तुकड्याने दाबून पाणी टिपा आणि पंख्याखाली मोकळे सोडा. वाळलेल्या कुरळ्या केसांत फणी घालू नये, तिथूनच रडारड सुरू होते. रात्री झोपताना सैल वेणी घालून ठेवावी. सकाळी हाताला किंचित पाणी आणि त्यावर खोबरेलाचे दोन थेंब घेऊन बटा बोटांनी मोकळ्या कराव्यात, आणि दोन वेण्या कानाच्या खालून सैलसर सुरू कराव्यात. कपाळावर थोडे कुरळे केस सुटे राहतील. बाईंनी हरकत घेतली तर एक पीन लावा, पण ते खेचून मागे बांधू नका.